तीन मिनिटांची चुळबुळ

माझ्या कामाचा मोठा भाग नुसतं बघण्याचा आहे. कराडमधल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, काचेच्या पेटीत राहून घरी गेलेली बाळं आमच्याकडे पुन्हा तपासणीला येतात. त्यांच्या हालचालींचे व्हिडिओ मी बघते, मागच्या छोट्या खोलीत, आवाज बंद करून. हे काम मला का आवडतं ते मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं. पडद्यावरचं बाळ माझ्याकडे बघत नाही आणि मला कुणाशी बोलावं लागत नाही.

मी साताऱ्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेज सांगलीत. घरात मराठीच होती, तरी अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला वाक्य आधी मनात जुळवून घ्यावं लागतं. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. कॉलेजात सगळ्यांना मी शिष्ट वाटायचे. दवाखान्यात शांत वाटते, एवढाच फरक.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला, तर औषधांनी संसर्ग बरा होतो. पण जाताना त्यानं मेंदूचं काय केलं, हे त्या वेळी कुणालाच नीट सांगता येत नाही. टाळूवर यंत्र ठेवून सोनोग्राफी करतात. ती चांगली आली तरी पुढं अडचण निघते, वाईट आली तरी एखादं मूल अंगणात पळताना दिसतं. त्यातल्या त्यात भरवशाची एक खूण आहे. बाळ ज्या तारखेला जन्मायला हवं होतं ती धरून तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळ उताणं पडलं की त्याच्या अंगभर एक बारीक, न थांबणारी हालचाल असते. मनगटात, घोट्यात, मानेत, सगळीकडे थोडी थोडी. इंग्रजी फॉर्मवर तिला लांबलचक नाव आहे. आयांना ते समजावताना मी अडखळत होते, तेव्हा वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “चुळबुळ म्हण की सरळ.” तेव्हापासून आम्ही चुळबुळच म्हणतो. ती दिसली तर बहुतेक मुलं वेळेत चालतात. दिसली नाही तर बहुतेकांच्या हातापायांत कायमचा दोष राहतो. पाचवा महिना सरला की ती आपोआप जाते आणि मग बघायला काही उरत नाही. म्हणून तेवढ्या काळातला तीन मिनिटांचा व्हिडिओ लागतो. बाळ जागं हवं, रडत नको, अंगात फक्त झबलं, हातात खुळखुळा नको आणि शेजारी कुणी बोलायचं नाही.

ज्या बाळाबद्दल लिहिते आहे ते दोन महिने आधी जन्मलं होतं. गाव पाटणच्या वर, डोंगराच्या अंगाला. आई माझ्याच वयाची, पहिलं बाळंतपण. ओटभरण होऊन माहेरी जायचं होतं, त्याआधीच कळा सुरू झाल्या. नवरा फौजेत. तो चार दिवसांसाठी आला, काचेतून मुलगा बघितला आणि परत गेला. बाळाला दुसऱ्याच आठवड्यात संसर्ग झाला. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं तेव्हा तो मेंदूच्या आवरणात गेल्याचं कळलं. सव्वा महिना बाळाची आई बाहेरच्या बाकावर बसून होती. ती कुणाला काही विचारायची नाही. मी तिच्याजवळून जाताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायचो, आणि मला वाटायचं, आमचं बरं जमतं.

घरी सोडताना मी तिला व्हिडिओ कसा काढायचा ते शिकवलं. चुळबुळ कशी दिसते ते कळावं म्हणून एका निरोगी बाळाचा व्हिडिओ माझ्या फोनवर दाखवला. तिनं तो दोनदा बघितला. कार्डावर व्हिडिओ पाठवायची तारीख लिहून दिली.

तारखेच्या दोन दिवस आधीच व्हिडिओ आला. गोधडीवर उताणं बाळ, खिडकीचा उजेड, फोन पायाकडून वर धरलेला, सगळं सांगितल्यासारखं. आणि चुळबुळ अशी की दृष्ट लागावी. मी तीन वेळा बघितला. आमच्याकडे एकीनं बघून चालत नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनाही दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “वाचलं गं हे.” एवढ्या मोठ्या आजारातून एखादं असं सुटतं. नाही असं नाही.

फोन करायचं काम मी एरवी नर्सवर सोडते. त्या दिवशी मी स्वतः केला.

“व्हिडिओ बघितला. छान आहे. चुळबुळ अगदी छान आहे. काळजी करू नका.”

 ती म्हणाली, “बरं, ताई.”

मला वाटलं, लाजली. मी असते तर मीही एवढंच बोलले असते.

पुढचे तीन आठवडे मी ते बाळ विसरून गेले. मग एका सकाळी दुसरंच एक मूल तपासत होते. पेटीत राहिलेल्या बाळांचं रक्त टाचेतून काढतात, सुई टोचून. आजारी बाळाला रोज, कधी दिवसातून दोनदा. त्या जागी बारीक पांढरे ठिपके राहतात, कितीतरी महिने. त्या मुलाचा पाय हातात धरलेला असतानाच मला पाटणकडचा व्हिडिओ आठवला. तो पायाकडून काढला होता. दोन्ही तळवे समोर होते.

मागच्या खोलीत जाऊन मी तो लावला आणि मधेच थांबवला. टाचा कोऱ्या होत्या. एक ठिपका नव्हता.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पडद्याजवळ वाकल्या.

“दोघींनी बघितलं,” त्या म्हणाल्या. “दोघींना चुळबुळच बघायची होती.” मग कॅलेंडरकडे वळल्या. “पाचवा संपायला किती दिवस?”

“सव्वीस.”

“फोन लाव.”

मी म्हटलं, मी जाऊन येते. त्यांना आश्चर्य वाटलं असावं. कारण मी सांगितलं नाही. फोनवर ती पुन्हा “बरं, ताई” म्हणाली असती आणि मला पुन्हा काही कळलं नसतं.

रविवारी एसटीनं पाटण गाठलं आणि तिथून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं वर. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. तुम्ही दुसऱ्या बाळाचा व्हिडिओ पाठवलात का? हे आरोपासारखं वाटत होतं. काही चूक झाली असेल का? हे परीक्षेतल्यासारखं.

अंगणात सासूबाई सुपानं नाचणी पाखडत होत्या. त्यांनी मला दवाखान्यात दोनदा बघितलं होतं.

“दवाखान्यातल्या बाई न्हवं का? फोनवर तर झ्याक हाय म्हनलासा. मग येवढी वर चढून कशाला आलासा?”

“परत एकदा बघायचं होतं.”

“चांगलं हाय त्ये परत कशापायी बघत्यात?”

 मी चपला काढून आत गेले.

आत दोन बाळं होती. एक पाळण्यात, गुटगुटीत, पाय झाडत. पाळण्याची दोरी आईच्या हातात. दुसरं बारकं, मोठ्या कपाळाचं, तिच्या जाऊबाईंच्या मांडीवर. मी सरळ मांडीवरच्या बाळापाशी जाऊन बसले आणि त्याचा पाय उचलला. टाचेवर ठिपके होते. मोजायची गरज नव्हती. मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि दोरी सोडून चुलीकडे गेली.

“त्यो हिचा हाय,” दारातून सासूबाई जाऊबाईंकडे बोट करून म्हणाल्या. “आन पाळन्यातला तिचा.”

मला काहीच समजेना. जाऊबाईंना माझा चेहरा बघून हसू आलं. त्या बोलक्या होत्या. “आवं ताई, आदलाबदल केलिया आमी. बारशाला. माझं दुसरं ऐन तवाच झालं, मग सुपात घालून ह्येला मी घेतला, पसाभर नाचनी देऊन. आन माझा तिच्या वटीत. म्हसवडला सिद्धनाथाला जावळ दिऊस्तवर ह्यो माझा. न्हायला मी घालती, निजवती मी. पाजायला तेवढं तिच्याकडं देती, आन पाजलं की माघारी.”

“पन का?”

मला वाटलं होतं मी ‘पण’ म्हटलं. बहुतेक त्यांच्यासारखं ‘पन’च निघालं. सासूबाई आत येऊन बसल्या.

“बाई, त्ये पोर दोनदा जाऊन आलंय. ज्ये न्याया आलं हुतं, त्ये परत येनार. हिच्या नावानं हुडकत येनार. येऊन बघंल तर हिच्या पाळन्यात ह्यो गुटगुटीत गडी. चुकलं म्हनंल आन जाईल माघारी. आमच्या आत्तींनी माझ्या मालकाला असंच दिलं हुतं शेजारनीला. लय अशक्त हुतं म्हनं. आयशी वर्साचं हून गेलं, आन जाईस्तवर माझ्याशी भांडत हुतं.”

“मग व्हिडिओ…”

“तुमी म्हनलासा, बाळाच्या आईनं बाळाचा काढून पाठवा. तिनं काढला, पाठिवला. आता ह्येचा काढून तिच्या नावावर धाडला असता, म्हंजी आमीच वाट दावल्यागत झालं असतं. खोटं काय केलं आमी?”

मला राग यायला हवा होता. मला शाळेत शिकवलेला ‘सुपरस्टिशन’ हा इंग्रजी शब्द यासाठी तयार होता आणि तो जिभेवर आलाही होता. पण सासूबाई मला फसवत नव्हत्या. त्या भलत्याच कुणाला तरी फसवत होत्या, आणि दवाखान्याचा कागद घेऊन मी मधे येऊन उभी राहिले होते. बाळाच्या पुढ्यात काय आहे हे त्यांनाही चुकवायचं होतं. फक्त ते आधी बघून घ्यावं असं मला वाटत होतं आणि कुणी बघूच नये असं त्यांना.

मी जाऊबाईंना विचारलं, “वहिनी, तुमच्या बाळाचा व्हिडिओ काढला तर चालेल का?”

सगळ्या सासूबाईंकडे बघायला लागल्या. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

“तिचं हाय. तिला इचारा.”

“काढा की,” जाऊबाई म्हणाल्या. “थोरल्याचा तर सादा फोटु न्हाई कुनी काढला. ह्यो तरी नशिबाचा.”

गोधडी अंथरली. दार उघडं ठेवून उजेड घेतला. जाऊबाई पहिल्यांदाच गप्प बसल्या. मी फोन धरून उभी राहिले आणि तीन मिनिटं बघितलं.

त्यानं पाय ताठ केले, सैल सोडले, पुन्हा ताठ केले. उजव्या हाताची मूठ मिटलेलीच राहिली. मधेच सगळं अंग एकदम उसळल्यासारखं झालं आणि थांबलं. त्या थांबण्यात काही नव्हतं. मनगट निवांत, घोटे निवांत, मान एका बाजूला. शेजारच्या पाळण्याची झोळी आतल्या चुळबुळीनं सारखी हलत होती, तेवढीच हालचाल खोलीत होती. पाजून झाल्यावर मी आणखी तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. तेच.

हात धुवायला मागच्या दारी गेले तेव्हा बाळाची आई तांब्या घेऊन आली. पाणी घालता घालता खालच्या आवाजात म्हणाली, “न्हाई ना?”

“दिसली नाही.”

“मला म्हाईत हुतं. तुमी दावलेल्या व्हिडिओतलं बाळ आन पाळन्यातलं बाळ सारखं हाय. ह्यो तसा न्हाई. रोज बघत हुती मी.”

“मग मी फोनवर छान म्हणाले तेव्हा तुम्ही…”

तिनं तांब्या खाली ठेवला. “तुमी छान म्हनलासा. म्हनलं, त्यो माझाच असंल. तीन आठवडं लय बरं गेलं, ताई. ह्यांना बी सांगितलं फोनवर, सगळं छान हाय. ह्यांनी तिकडं पेढं वाटलं.”

मी म्हटलं, चूक माझी. टाचा बघायला हव्या होत्या. तिला टाचांचं काय ते कळलं नसावं, पण तिनं पदराचं टोक माझ्या हातांना पुसायला दिलं.

पुढचं सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. अशा बाळाला व्यायाम लगेच सुरू करावे लागतात. दिवसातून पाच-सहा वेळा, मांडीवर घेऊन, त्याच्याकडे बघून, त्याच्याशी बोलत. आणि तो मान वळवायचा कुणाच्या आवाजाला, ते मी मघापासून बघत होते. चुलीपाशी भांडं वाजवून त्याची आई काही बोलली की वळायचा. मी ते सासूबाईंना सांगितलं.

“तिला मांडीवर घ्यायचं न्हाई जावळ निघूस्तवर. पाजायचं तेवढं.”

“जावळ कधी काढणार?”

“चैतात. नववा लागंल तवा. तवर थांबलं तर?”

“थांबू नका.”

हे वाक्य मी आधी जुळवलं नव्हतं. आवाजही जरा मोठा निघाला. मग मी समजावलं, माझ्या शाळेतल्या मराठीत, मधे मधे थांबत. आत्ता त्याचा मेंदू कोवळा आहे. एका बाजूचं काम दुसरी बाजू उचलू शकते. जे आत्ता शिकेल ते सहा महिन्यांनी शिकवायला फार जड जाईल.

“केलं तर समदं नीट हुतंय?”

“तसं सांगता येत नाही. जेवढं होण्यासारखं आहे तेवढं होईल.”

“म्हंजी तुमाला बी म्हाईत न्हाई.”

“नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“मग बरं हाय. म्हाईत हाय म्हननारी लय बघितली म्या.” मोजणं झालं. “परवाच सातवा लागलाय. सातवा बी चालतोय जावळाला.” त्या थोरल्या सुनेकडे वळल्या. “रविवारी म्हसवडला जायाचं. जीपवाल्याला सांगून ठेव. तवर काय करायचं त्ये तू शिकून घे.”

“मी?” जाऊबाई म्हणाल्या. “माझ्यानं त्येचा पाय मोडला म्हंजी?”

“तुझंच हाय, तूच निस्तर.”

मी जाऊबाईंना शिकवलं. त्या सारख्या चुकत होत्या आणि हसत होत्या. बाळाची आई परातीत पीठ मळत बसली होती. पीठ केव्हाच मळून झालं होतं तरी तिचे हात थांबत नव्हते. मी बाळाचा गुडघा जसा वाकवत होते तसा तिचा अंगठा पिठात वाकत होता.

म्हसवडहून आल्यावर मंगळवारी त्या तिघी कराडला आल्या. बाळाचं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे ते आणखी बारकं दिसत होतं आणि टाळूची धडधड उघडी दिसत होती. या वेळी ते आईकडेच होतं. सासूबाई आणि जाऊबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, मी गावाहून काढून आणलेले व्हिडिओ पुन्हा बघितले आणि फॉर्मवर लिहिलं. मला म्हणाल्या, तूच सांग.

मी सतरंजी अंथरली. ती मांडी घालून बसली, त्याला मांडीवर घेतलं, आणि मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं.

“चालंल का, ताई?”

‘छान’ म्हणायला मला एक क्षण लागला असता. ती ऐकायलाही तयार होती, ते दिसत होतं.

“उशिरा चालेल. कदाचित उजवा पाय ओढत चालेल. कदाचित आधार लागेल, कायमचा. बोलण्याचं, समजण्याचं आत्ता काही कळत नाही. याहून जास्त मला दिसत नाही. यजमानांना मी सांगू का?”

“मी सांगती.”

ती खाली बघत राहिली. मला वाटलं रडेल, आणि मी नेहमीसारखी कुठे बघावं ते शोधायला लागले. पण तिनं त्याचा उजवा तळवा हातात घेतला, शिकवला होता तसा, अंगठा टाचेखाली. गुडघा सावकाश पोटाकडे नेला, दहा मोजले, सोडला. परत नेला. आकडे ती त्याच्याकडे बघून मोठ्यानं म्हणत होती. तोही तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. दहा वेळा झाल्यावर तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

“दुसरा पाय बी असाच?”

“असाच,” मी म्हटलं. “फक्त जरा सावकाश.”